ओटीपर्यंतची समता

रविवार, १ फेब्रुवारी १९५९. रात्रीची जेवणं आटोपून इंग्लंडमधली लाखो माणसं टीव्हीसमोर बसली होती. आयटीव्ही या खासगी वाहिनीवर 'आर्मचेअर थिएटर' नावाची नाट्यमालिका लागायची. त्या रात्री तिच्यात होतं टेड विलिस यांचं 'हॉट समर नाइट'. नाटकातला जॅक पामर कामगार संघटनेचा पुढारी आहे. काळ्या कामगारांच्या बाजूनं तो ठामपणे उभा राहतो, गोरा-काळा भेद करणाऱ्या आपल्याच सभासदांना चार शब्द सुनावतो. आणि त्याच्याच घरात एके दिवशी कळतं, की मुलगी कॅथी सनी लिंकन नावाच्या जमैकन तरुणाच्या प्रेमात पडली आहे आणि लग्न करीन तर त्याच्याशीच, असं म्हणते आहे.

कथानक म्हणाल तर एवढंच. पण विलिस यांनी केलेली निवड विचार करण्यासारखी आहे. काळ्या माणसाचा उघड तिरस्कार करणारा बाप रंगवणं सोपं होतं. प्रेक्षकांनी त्याला नावं ठेवली असती आणि आपण त्यातले नाही या समाधानात घरी गेले असते. विलिस यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात चांगल्या माणसाला उभं केलं. जॅकची बायको नेल हिच्या मनात काळ्या माणसांविषयीची किळस उघडपणे आहे, ती ते लपवतही नाही. जॅकला मात्र बोलताना अडखळायला होतं. मुलीला तो सांगू पाहतो की प्रश्न माझा नाही, जगाचा आहे, लोक तुम्हाला सुखानं राहू देणार नाहीत. हे सगळं खरं असतं, तरीही ती पळवाट असते. त्याच वेळी नेलचं दुःखही बाहेर येतं. आयुष्यभर हा माणूस संघटनेचा झाला, घराचा कधी झालाच नाही. जगाला बंधुत्व शिकवणाऱ्याला घरातल्या बाईचं एकटेपण दिसलं नाही, ही नाटकातली दुसरी जखम आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

हे नाटक मला सिंधुदुर्गातून वाचताना फार ओळखीचं वाटतं. आपल्या जुन्या घरांची रचनाच बघा. आधी खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर आणि आत देवघर-स्वयंपाकघर. कोणी कुठवर यायचं हे कुणाला सांगावं लागत नसे. कुळं पडवीत थांबत, बरोबरीची माणसं ओटीवर बसत, सोयरे माजघरात जात. आणि काही माणसांना खळ्यातही पाय ठेवायची मुभा नव्हती. त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. गेल्या दोन-तीन पिढ्यांत यातलं बरंच बदललं. आज ओटीवर सगळे बसतात, सगळ्यांना सारख्याच कपांतून चहा मिळतो, गणपतीला एकमेकांकडे जाणं-येणं होतं. पण लग्नाचा विषय निघाला, की तीच ओटी शेवटची हद्द ठरते. जॅक पामरची समताही ओटीपर्यंतचीच होती.

हे नाटक नेमक्या त्याच वेळी का आलं, तेही पाहिलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगारांची चणचण होती. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरून शेकडो प्रवासी घेऊन टिलबरी बंदराला लागलं आणि त्यानंतर दहा वर्षं माणसं येत राहिली. बस चालवायला, रुग्णालयांत राबायला, कारखान्यांत उभं राहायला ती हवी होती. भाड्यानं खोली द्यायला मात्र नको होती. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस आधी नॉटिंगहॅममध्ये आणि मग लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळक्यांनी काळ्या वस्तीवर हल्ले केले. हे प्रकरण काही दिवस धुमसत राहिलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'हॉट समर नाइट' लंडनच्या न्यू थिएटरमध्ये उभं राहिलं. पाहायला येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दंगलीच्या बातम्या अजून ताज्या होत्या. आणि तीन महिन्यांच्या आत ते टीव्हीवर आलं, जॅकच्या भूमिकेत जॉन स्लेटर, कॅथीच्या भूमिकेत आंद्रे मेली आणि सनीच्या भूमिकेत लॉइड रेकॉर्ड या रंगमंचावरच्याच तिघांना घेऊन.

त्या काळी टीव्हीवरचं नाटक म्हणजे काय प्रकार होता, हे आज कल्पनेनंच समजून घ्यावं लागतं. बहुतेक प्रयोग थेट प्रक्षेपित व्हायचे. स्टुडिओत दोन-तीन नेपथ्यं शेजारी शेजारी लावलेली, मधून अवजड कॅमेरे सरकणारे, जमिनीवर जाडजूड केबलींचा गुंता. एका दृश्यातला नट संवाद संपवून पडद्याआडून धावत दुसऱ्या नेपथ्यात पोचायचा. चुकलं तर चुकलं, पुन्हा घ्यायची सोय नाही. 'हॉट समर नाइट'चे दिग्दर्शक टेड कॉचेफ यांना या थेटपणाची झळ दोनच महिन्यांपूर्वी बसली होती. ३० नोव्हेंबर १९५८ ला 'अंडरग्राउंड' या नाटकाचं प्रक्षेपण चालू असताना गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन दृश्यांच्या मधे कोसळला आणि तिथंच वारला. बाकीच्या नटांनी त्याचे संवाद आपापसांत वाटून घेत नाटक शेवटापर्यंत नेलं. अशा जोखमीच्या माध्यमात मालिकेचे निर्माते सिडनी न्यूमन आजच्या इंग्लंडबद्दलची, साध्या कामकरी माणसांची नाटकं आणत होते. न्यूमन आणि कॉचेफ दोघेही कॅनडाहून आलेले. ब्रिटिश समाजाची दुखरी जागा बाहेरून आलेल्या माणसांना आधी दिसावी, यात मला नवल वाटत नाही.

नाटक टीव्हीवर आल्यानं त्यात काय बदललं? नाट्यगृहात पामरांचं घर हे दुसऱ्या कुणाचं तरी घर असतं. तिकीट काढून, मन तयार करून, अंधारात बसून प्रेक्षक ते बघतो. टीव्हीवर तेच घर आपल्या घरात येतं. बैठकीच्या खोलीत घडणारं नाटक बैठकीच्या खोलीतच बघायचं, तेही शेजारी आई-बाप, पोरंबाळं, कदाचित काळे भाडेकरू नकोत म्हणून पाटी लावणारे काका बसलेले असताना. विषय टाळायला जागाच उरत नाही. त्यात कॅमेऱ्याचं जवळून बघणं. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाट्यगृहात दोन देह जवळ आलेले दिसतात. कॅमेरा दोन चेहऱ्यांमधलं अंतर कमी होताना दाखवतो. त्या रात्री कॅथी आणि सनी यांनी घेतलेलं चुंबन हे टीव्हीवरच्या काळ्या-गोऱ्या जोडीच्या चुंबनांपैकी आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं मानलं जातं.

या चुंबनाचा शोध लागण्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. अनेक वर्षं हा मान अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक'च्या नोव्हेंबर १९६८ मधल्या भागाला दिला जात होता. पुढे ब्रिटनमधल्या 'इमर्जन्सी वॉर्ड १०' या मालिकेतल्या १९६४ च्या भागाचं नाव पुढे आलं. २०१५ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहातून 'यू इन युअर स्मॉल कॉर्नर' या नाटकाचं जून १९६२ मधलं चित्रण वर काढण्यात आलं आणि तेच पहिलं, असं जाहीर झालं. मग लक्षात आलं, की त्याच्याही आधी १९५९ चं 'हॉट समर नाइट' आहे. दोन्हींत तोच नट, लॉइड रेकॉर्ड. थेट प्रक्षेपणाची आठवण उरावी म्हणून त्या काळी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करत. बरीचशी रिळं नंतर टाकून दिली गेली, काही कपाटांत पडून राहिली. अशा कपाटांवर इतिहास अवलंबून असतो. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथं आणि आकाशवाणीवर किती नाटकं झाली! ती जपून ठेवणं हे सांस्कृतिक काम आहे, एवढं या एका प्रकरणावरून पटायला हरकत नाही.

आता आपल्या मराठी नाटकाकडे येतो. विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३ मध्ये रंगमंचावर आलं. इंडियन नॅशनल थिएटरची निर्मिती, सदाशिव अमरापूरकरांचं दिग्दर्शन, आणि नाथ देवळालीकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. नाथ हे समाजवादी आमदार. पत्नी सेवा सामाजिक कार्यकर्त्या. मुलाचं नाव जयप्रकाश, मुलीचं ज्योती. नावांवरूनच घर कळतं. या घरात लोकशाही आहे, प्रत्येक गोष्टीवर चर्चा होते, प्रत्येकाला मत आहे. ज्योती एक दिवस सांगते, की अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचं तिच्या मनात आहे. ओळख फार जुनी नाही. सेवा आणि जयप्रकाश बिचकतात. नाथ मात्र हरखतात. आयुष्यभर भाषणांत सांगितलेली गोष्ट आपल्या घरात घडते आहे, याचा त्यांना आनंद होतो.

म्हणजे जॅक पामर जिथं अडखळला, तिथून नाथ पुढं जातात. सोयरीक त्यांनी माजघरापर्यंत आणली. तेंडुलकरांचं नाटक त्यानंतर सुरू होतं. अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो, ती गरोदर असतानाही मारतो. पिढ्यान् पिढ्यांच्या अपमानाचा हिशेब तो नेमका तिच्या देहावर चुकता करतो. त्याच्या आत्मकथनाचं कौतुक होतं आणि त्यावरच्या कार्यक्रमात बोलायला नाथना बोलावणं येतं. त्यांना तो माणूस नकोसा झालेला असतो. पण आपण गेलो नाही तर त्याचा राग मुलीवर निघेल, या धास्तीनं ते जातात आणि पुस्तकाची तोंडभर स्तुती करतात. ते भाषण पोकळ आहे हे ज्योतीला बरोबर कळतं. शेवटच्या प्रवेशात ती बापाला जाब विचारते. माणूस मुळात चांगला असतो, तो बदलतो, हे तुम्हीच शिकवलंत; आता मी ते सोडून परत येणार नाही, असा तिचा सूर असतो. आपण आता देवळालीकरांची कुणी नाही, आठवल्यांची आहोत असं सांगून ती निघून जाते.

ज्या नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, त्याच नाटकासाठी त्यांच्यावर चप्पल भिरकावली गेली होती. सन्मान स्वीकारताना त्यांनी स्वतःच त्याची आठवण करून दिली. दलित वाचक-प्रेक्षकांचा राग अनाठायी होता असं मी म्हणणार नाही. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्या पिढीच्या कवींनी मराठी कवितेला तिनं कधी न बोललेले शब्द दिले. आणि रंगमंचावर त्या पिढीचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला तो बायकोला मारणारा अरुण. त्याचं घर आपल्याला दिसत नाही, त्याची आई दिसत नाही, दहा माणसं दाटीवाटीनं राहत त्या झोपडीचं फक्त बोलणं कानावर पडतं. सबंध नाटक देवळालीकरांच्या बैठकीतून पाहिलेलं आहे.

'हॉट समर नाइट'मध्ये हीच अडचण उलट्या बाजूनं आहे. सनी लिंकन इतका सज्जन, इतका समजूतदार, की त्याच्यात खोट काढायला जागा नाही. गोऱ्या प्रेक्षकानं जावई मान्य करावा म्हणून त्याला निष्कलंक केलं आहे. एकाला देव करून ठेवलं, दुसऱ्याला जखमी जनावर. दोघांनाही स्वतःची खोली दिली नाही. दोन्ही नाटकांचं मोठेपण मान्य करूनही हे बोललं पाहिजे, कारण त्यांचं सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा एकाच ठिकाणाहून येते. लेखकांना ज्या बैठका आतून माहीत होत्या, त्या त्यांनी निर्दयपणे उघड्या केल्या. आलेला पाहुणा मात्र त्यांनी दारातूनच पाहिला.

इथं वंश आणि जात यांतला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये १९३६ सालीच स्पष्ट केलं होतं, की जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत. एकाच प्रांतातल्या ब्राह्मणात आणि अस्पृश्यात वांशिक फरक दाखवता येत नाही. पण अन्यायाची जात एकच आहे हे ते जाणून होते, आणि १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना त्यांनी आपणहून पत्र लिहिलं होतं. कॅमेऱ्यापुढे मात्र हा फरक मोठा ठरतो. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरही सनी दारात आला, की संवादाआधीच नाटक सुरू होतं. अरुण आणि ज्योती शेजारी उभे केले तर कॅमेऱ्याला काहीच दिसणार नाही. जात दाखवायची तर ती खुर्चीच्या कडेला बसण्यातून, चहाचा कप धरण्यातून, मोठ्या घरात जीव गुदमरतो हे सांगण्यातून दाखवावी लागते. सगळ्यांत जास्त बोलीतून. म्हणून अशा नाटकाला आमच्याकडे नभोवाणी टीव्हीइतकीच जवळची वाटते. श्रुतिकेत रंग नाही, चेहरा नाही, पण दोन वाक्यांत माणसाचं गाव आणि वाडी कळते. मालवणीचेच किती सूर आहेत, ते मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'नं १९८० पासून अख्ख्या महाराष्ट्राला ऐकवलं. मालवणी ही हसवायची बोली, असा समज मात्र त्याबरोबर पसरला. तिच्यातून जातीचं दुखणंही बोलता येईल, एवढी ती धारदार आहे.

'हॉट समर नाइट'चं तिसरं रूप म्हणजे १९६१ चा 'फ्लेम इन द स्ट्रीट्स' हा चित्रपट. पटकथा विलिस यांचीच, दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर, बापाच्या भूमिकेत जॉन मिल्स. घराबाहेर पडायची मुभा मिळाल्यावर चित्रपट कारखान्यात जातो, काळ्या वस्तीतल्या कोंदट खोल्यांत जातो, आणि गाय फॉक्स नाइटच्या शेकोट्या व फटाक्यांच्या रात्री रस्त्यावरच्या मारामारीपर्यंत पोचतो. रंग आले, रुंद पडदा आला. माझ्या मते त्यात नाटकाचा दंश थोडा कमी झाला. रस्त्यावर दंगा करणारं टोळकं दिसलं, की प्रेक्षकाला पुन्हा दोषी माणूस स्वतःबाहेर सापडतो.

ज्या खोलीत विलिस आणि तेंडुलकर शिरले नाहीत, तिथं दुसरे लेखक शिरले. 'यू इन युअर स्मॉल कॉर्नर' लिहिणारे बॅरी रेकॉर्ड हे जमैकाचेच, लॉइड रेकॉर्ड यांचे भाऊ. त्यांच्या नाटकातला डेव्ह हुशार, केंब्रिजला निघालेला काळा तरुण आहे. त्याची गोरी मैत्रीण टेरी साध्या कामगार घरातली. नाक मुरडते ती डेव्हची आई! मुलासाठी तिची स्वप्नं मोठी आहेत आणि ही मुलगी त्यात बसत नाही. वर्णाच्या भांडणात वर्गाचं भांडण मिसळलं, आणि काळ्या माणसांना सद्गुणांचे पुतळे व्हायच्या सक्तीतून सुटका मिळाली. मराठीत नांदेडच्या दत्ता भगत यांनी 'वाटा पळवाटा' मध्ये असंच केलं. सतीश हा दलित प्राध्यापक, त्याची पत्नी हेमा ब्राह्मण, घरात आंबेडकरी चळवळीत हाडं झिजवलेले काका, आणि सतत येऊन वाद घालणारा पेटलेला तरुण अर्जुन. इथं आंतरजातीय लग्न होऊन संसार चालू आहे आणि बैठक दलिताची आहे. सवर्ण सून त्या घरातली एक व्यक्ती आहे, विषय नव्हे. तीन दलित पुरुष तीन वाटांनी विचार करतात, एकमेकांना खोडून काढतात. 'कन्यादान' पाहून झालेल्या प्रत्येकानं हे नाटक वाचावं असं मी आग्रहानं सांगतो.

सिंधुदुर्गाला हा विषय परका नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै लंडनला शिकले, क्रिस्टल या ऑस्ट्रियन तरुणीशी त्यांनी लग्न केलं आणि १९५७, १९६२, १९६७ अशा तीन लोकसभा निवडणुका राजापूर मतदारसंघातून जिंकल्या. परदेशातून आलेली ही सून कोकणानं आपली मानली. नाथ पैंनंतर तिथून मधु दंडवते निवडून येत राहिले. राष्ट्र सेवा दलाची गाणी म्हणत वाढलेली, देवळालीकरांसारखी घरं आपल्याकडे गावोगाव होती, अजूनही आहेत. पण गावाचा नकाशा वाडीवाडीनं आखलेला आहे, आणि वाड्यांना जातींची नावं आहेत. ती बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तोंडातली नावं जायला वेळ लागतो आहे. सातासमुद्रापलीकडची सून सोपी जाते. पाणंदीपलीकडचा जावई अवघड जातो, कारण त्याचं आपल्याशी रोजचं नातं आहे, जमिनीचं, पाण्याचं, देवळातल्या मानाचं.

आणि मालवणच्या नाटकाला या प्रश्नाची सवयही जुनी आहे. मामा वरेरकर इथं वाढले. हुंड्यावर 'हाच मुलाचा बाप' लिहिणाऱ्या मामांनी १९२३ मध्ये 'तुरुंगाच्या दारात' लिहून अस्पृश्यतेचा प्रश्न व्यावसायिक संगीत रंगभूमीवर आणला. केशवराव भोसल्यांच्या मागे बापूराव पेंढारकर चालवत होते, त्या 'ललितकलादर्श' नाटक मंडळीनं ते केलं. जे प्रेक्षक नाट्यपदांसाठी पैसे मोजत, त्यांच्यापुढे हे मांडायला धैर्य लागतं. मालवणच्या नाट्यगृहाला आज त्यांचं नाव आहे.

तेव्हा एक मागणी. मामा वरेरकर नाट्यगृहात लागोपाठ दोन रात्री दोन नाटकं व्हावीत, पहिल्या रात्री 'कन्यादान', दुसऱ्या रात्री 'वाटा पळवाटा', शक्यतो एकाच संचात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या हौशी संस्थांना हे झेपण्यासारखं आहे. दोन्ही नाटकांना एकच दिवाणखाना लागतो, फक्त सामान बदलायचं. प्रयोगांचं चित्रण करावं, आणि ते स्थानिक केबलवर, मोबाइलवर, जिथं जमेल तिथं दाखवावं, रविवारी रात्री, जेवणं झाल्यावर, घरातली सगळी माणसं एकत्र बसलेली असताना.